ऑर्लँडो: स्टिच, टूथलेस आणि दोन कंपन्यांचं जुनं भांडण

रविवार

जूनमध्ये फ्लोरिडाला जाऊ नका असं सगळेच सांगतात आणि बरोबरच सांगतात, पण आपल्याकडच्या शाळांना सुट्टी असते तेव्हाच जाणार ना माणूस. मेहुणी आणि साडू टँपाला राहतात, त्यांच्याकडे थोडा मुक्काम झाला, जेट लॅग उतरला आणि मग दोन्ही घरं एकाच मोठ्या गाडीत बसून ऑर्लँडोला निघालो. आय-फोर हायवे, रस्ता दीड तासाचा, पण रविवारच्या ट्रॅफिकमध्ये त्याचे अडीच कधी झाले कळलं नाही आणि तोपर्यंत चकल्यांचा डबा संपला होता.

आधीच सांगून टाकतो, मी पुण्यात ॲनिमेशनच्या धंद्यात आहे, लहान मुलांच्या कार्टून सीरियलचे स्टोरीबोर्ड काढतो, त्यामुळे कुठली राइड किती भारी एवढंच वाचायला आला असाल तर थोडा हिरमोड होईल. साडू अकाउंट्सवाले, त्यांच्याकडे डिस्नेचे थोडे शेअरही आहेत. म्हणजे आठवडाभर काय चाललं होतं, तर प्रत्येक पुतळ्यासमोर उभं राहून मी बघतोय हे काढलंय कोणी आणि साडू बघतायत हे आहे कोणाच्या मालकीचं, आणि बायका-पोरं कधीच पुढे निघून गेलेली.

ऑर्लँडो जवळ आलं तशी होर्डिंग्ज सुरू झाली. आम्ही गेलो तो जून २०२५ चा पहिला आठवडा. २२ मेला युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे कोरं करकरीत पार्क उघडलेलं, दुसऱ्याच दिवशी म्हणजे २३ मेला डिस्नेचा नवा लाइव्ह-ॲक्शन 'लिलो अँड स्टिच' थिएटरला लागलेला, आणि १३ जूनला युनिव्हर्सलचा लाइव्ह-ॲक्शन 'हाऊ टु ट्रेन युवर ड्रॅगन' येणार. त्यामुळे इकडे निळा स्टिच, तिकडे काळा ड्रॅगन टूथलेस, परत स्टिच, परत टूथलेस. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, हे दोघं भाऊ-भाऊ आहेत का?" मी आरशात बघून हसलो फक्त, कारण प्रश्न एकदम बरोबर होता आणि उत्तर मोठं होतं, ते गुरुवारी आणि शुक्रवारी येईल.

सोमवार

मॅजिक किंगडम, डिस्नेचं इथलं पहिलं पार्क. गाडी लावायची, मग मोनोरेल किंवा फेरीबोट. आम्ही बोट घेतली, तळ्यापलीकडे किल्ला हळूहळू मोठा होत जातो ते बघायला, आणि मी सांगतो हा सगळ्यात चांगला पैसावसूल भाग आहे, तिकीट दाखवायच्या आधीचा.

आत शिरल्यावर मेन स्ट्रीट, खोट्या गावाचा खोटा बाजार. सगळे किल्ल्यासमोर फोटो काढायला पळतात, पण जरा वर बघा, दुकानांच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर नावं रंगवलेली आहेत. डिस्नेसाठी राबलेल्या लोकांची आहेत बरीचशी, पण त्यातच एका खिडकीत काही कंपन्यांची नावंही आहेत आणि या कंपन्या कधी धंदा करण्यासाठी काढलेल्याच नव्हत्या. १९६४-६५ मध्ये वॉल्ट डिस्नेने इथली दलदल गुपचूप विकत घेतली ती अशा बोगस कंपन्यांच्या नावावर. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ ला उघडलं तेव्हा चारी बाजूंनी दुसऱ्यांची मोटेलं आणि दुकानं उभी राहिली, पार्क याचं आणि गल्ला त्यांचा, तो राग डोक्यात होता. म्हणून इथे त्याने एकदम २७ हजार एकर उचलली, म्हणजे साधारण ११० चौरस किलोमीटर. ऑक्टोबर १९६५ मध्ये पेपरात नाव फुटलं आणि जमिनीचे भाव आकाशाला भिडले, पण तोवर काम झालेलं. साडू खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावर वेगवेगळी नावं आणि मालक एकच, आपल्याकडे हे नवीन आहे का?" वॉल्ट स्वतः १९६६ ला गेला, पार्क १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं, त्याने ते पाहिलंच नाही.

दुपारी रिव्हर्स ऑफ अमेरिकाला बसलो. ही एक कृत्रिम नदी, मधे टॉम सॉयरचं बेट, बेटाला फेरी मारणारी चाकाची जुनी बोट. जुलैत हे सगळं बंद होणार होतं, बुजवून तिथे पिक्सारच्या 'कार्स'ची राइड यायची आहे. लोकं बोटीचे व्हिडिओ काढत होती, एक आजोबा नातवाला सांगत होते की मी तुझ्या बाबाला इथेच आणलं होतं. आता मला बोटीचं विशेष काही नाही, पण पार्कभर जिथे तिथे कुठलं तरी कॅरेक्टर आणि त्याच्या शेजारी त्याचं दुकान असताना ही एकच जागा अशी होती की नुसतं पाणी, झाडं आणि बसायला बाक. साडूंचं म्हणणं वेगळं, बाकावर बसलेला माणूस काही विकत घेत नाही. बरोबर आहे, मी तासभर बसलो आणि काहीच घेतलं नाही. (नंतर डोल व्हिप म्हणून अननसाचं मऊ आइस्क्रीम मिळतं ते घेतलं, ते मात्र घ्याच.)

चार वाजता आपल्या वळवासारखा पाऊस. इथे रोजचंच, विजा चमकल्या की बाहेरच्या सगळ्या राइड बंद. सगळं पब्लिक एकदम दुकानांत घुसतं, म्हणजे पाऊस पण यांच्याच पगारावर. रात्री आतषबाजी बघून हॉटेलवर पोचेपर्यंत पोरं खांद्यावर झोपलेली.

मंगळवार

युनिव्हर्सलची दोन जुनी पार्कं, युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा (१९९०) आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर (१९९९). आणि नेमकी आज आयपीएलची फायनल, अहमदाबादला संध्याकाळी साडेसात म्हणजे इथे सकाळचे दहा. साडू प्रत्येक रांगेत फोन धरून उभे, आरसीबी आणि पंजाब. तर मालकीचा पहिला धडा रांगेतच सुरू झाला.

भारतात ही मॅच जिओहॉटस्टारवर चालू होती. हॉटस्टार मूळ स्टारचं, स्टार होतं मर्डॉकच्या फॉक्सचं. २०१७-१८ मध्ये फॉक्सचा मोठा भाग विकायला निघाला तेव्हा बोली लावणारे दोघंच, डिस्ने आणि कॉमकास्ट, आणि कॉमकास्ट म्हणजे युनिव्हर्सलचे मालक. डिस्नेचा सौदा आधी ५२.४ अब्ज डॉलरला ठरलेला, कॉमकास्टने ६५ अब्ज रोख टेबलावर ठेवले, डिस्ने ७१.३ वर गेली, कॉमकास्टने नाद सोडला आणि ३९ अब्जाला युरोपातली स्काय ही टीव्ही कंपनी उचलली. मार्च २०१९ ला फॉक्स डिस्नेच्या घरात आलं, सोबत स्टार इंडिया. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते रिलायन्ससोबत एक झालं, आता त्या जिओस्टार कंपनीत डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के. साडू म्हणाले, "म्हणजे मी कॉमकास्टच्या पार्कात उभं राहून अर्धवट डिस्नेची मॅच बघतोय." तेवढ्यात मागून कोणीतरी तेलुगूत ओरडलं, विकेट गेली होती.

आयलंड्समध्ये मार्व्हल सुपर हीरो आयलंड आहे, आणि इथे तर मी अक्षरशः थांबलोच. हल्क, स्पायडरमॅन, कॅप्टन अमेरिका, सगळे आहेत. पण मार्व्हल तर २००९ मध्ये डिस्नेने सुमारे चार अब्जाला घेतली ना? घेतली. पण त्याआधी १९९४ मध्ये मार्व्हलने युनिव्हर्सलशी करार केलेला, आणि १९९६ च्या शेवटी तर मार्व्हल दिवाळखोरीत गेलीसुद्धा. त्या करारानुसार युनिव्हर्सल हे आयलंड नीट चालवतंय तोपर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला ही कॅरेक्टरं दुसऱ्या कुठल्या थीम पार्कला वापरता येत नाहीत. म्हणजे गिरगावातल्या पागडीच्या चाळीसारखं झालं, बिल्डिंग नव्या शेठने विकत घेतली पण खालचा जुना भाडेकरू काही हलत नाही, आणि कायदा त्याच्या बाजूने. डिस्नेचं ॲव्हेंजर्स कॅम्पस आहे ते म्हणून कॅलिफोर्नियात, २०२१ पासून, नदीच्या पश्चिमेला. इथे फ्लोरिडात डिस्नेने एपकॉट या आपल्या दुसऱ्या पार्कात मार्व्हलच्याच गार्डियन्स ऑफ द गॅलक्सीची राइड केली २०२२ ला, कारण ते गार्डियन्स या आयलंडवर नव्हते.

आणि चित्रकार म्हणून मला आवडलं ते वेगळंच. इथला स्पायडरमॅन सिनेमातला नाही. भिंतींवर मोठाले सपाट कटआउट, नव्वदच्या दशकातल्या कॉमिकची रेघ, जाड काळी इंकिंग, हल्कच्या हाताच्या शिरा एकेक काढलेल्या, लाल रंग उन्हाने थोडा विटलेला. सिनेमे आले, त्यांचे पोशाख बदलले, नट बदलले, हे आयलंड मात्र १९९९ मध्ये थांबलंय. कराराच्या भांडणाने एक जुनी स्टाइल अशी मुरांब्यात ठेवल्यासारखी टिकवली. डिस्नेच्या हातात असतं तर कधीच पुसली असती.

सिम्पसन्सचं तेच. राइड २००८ ची, तेव्हा सिम्पसन्स फॉक्सचे, आता डिस्नेचे, आणि डोनट विकतंय युनिव्हर्सल. हॅरी पॉटर वॉर्नरचा, भाड्याने घेतलेला, पण २०१० मध्ये तो आला आणि या पार्काचं नशीबच पालटलं. हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही ट्रेन एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जाते, त्यामुळे तिच्यात बसायचं तर दोन्ही पार्कांचं तिकीट हवं. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला साडूंनी रांगेतच हात जोडले.

पोरांना मजा आली ती इ. टी.च्या राइडला. १९९० ची, जुनी, थोडी कुबट वासाची. सुरुवातीला तुमचं नाव विचारतात, एक कार्ड देतात आणि राइडच्या शेवटी इ. टी. प्रत्येकाचं नाव घेऊन बाय म्हणतो. साडूंनी हुशारीने बॉब सांगितलं. लेकीने आपलं खरं नाव सांगितलं, तर इ. टी.ने जे काही उच्चारलं ते ऐकून ती दिवसभर त्याच नावाने स्वतःला हाक मारत होती.

दुपारी मिनियन लँड (२०२३) आणि ड्रीमवर्क्स लँड (२०२४) उरकलं. मिनियन्स इल्युमिनेशनचे, जो स्टुडिओ क्रिस मेलेडांड्रीने २००७ ला युनिव्हर्सलसाठीच काढला, ड्रीमवर्क्स हा दुसरा ॲनिमेशन स्टुडिओ मात्र कॉमकास्टने २०१६ मध्ये ३.८ अब्जाला विकत घेतला. आणि हो, आरसीबी सहा रनांनी जिंकली, अठराव्या सीझनला पहिल्यांदा. साडू मुंबईचे असूनही खूश होते, म्हणाले विराटसाठी.

बुधवार

सुट्टीतली सुट्टी. हॉटेलच्या खोलीत छोटं किचन होतं, मेहुणीने पोहे केले, पोरं सकाळपासून पूलमध्ये, कपडे मशीनला. इंडियन दुकानातून दही आणि लिंबाचं लोणचं आणलं. लिहिण्यासारखं खरं तर काही नाही, पण पूलच्या कडेला साडूंशी जी चर्चा झाली ती सांगतो.

त्यांना वाटत होतं हे भांडण फॉक्सपासूनचं. मी म्हटलं नाही हो, हे भांडण मिकीच्या जन्माच्या आधीचं आहे. १९२७ मध्ये वॉल्ट डिस्ने युनिव्हर्सलसाठी ओसवाल्ड नावाच्या सशाची कार्टून करायचा. १९२८ मध्ये पैसे वाढवून मागायला न्यूयॉर्कला गेला तर मधला निर्माता चार्ल्स मिंट्झ म्हणाला, ससा तुझा नाहीच, युनिव्हर्सलचा आहे, आणि तुझी बहुतेक पोरंही मी फोडली आहेत. ससा गेला, माणसं गेली, अब आयवर्क्स नावाचा ॲनिमेटर मात्र वॉल्टबरोबर राहिला आणि त्यातून मिकी माउस आला. पुढे ७८ वर्षांनी, २००६ मध्ये, डिस्नेने तो ससा परत मिळवला, कसा, तर अल मायकल्स नावाचा क्रीडा कॉमेंटेटर डिस्नेच्या एबीसी-ईएसपीएन या चॅनेलांकडे होता, त्याला एनबीसी या दुसऱ्या चॅनेलला जायचं होतं, एनबीसी आणि युनिव्हर्सल तोवर एक झालेले. कॉमेंटेटर घ्या, ससा द्या. या सौद्यात थोड्या मॅचच्या क्लिपा वगैरे पण होत्या, पण मुख्य हेच. साडू दोन मिनिटं नुसते हसत होते, म्हणाले बॅलन्स शीटला ससा कुठल्या हेडखाली टाकला असेल.

मग त्यांनी त्यांचा पत्ता टाकला. फेब्रुवारी २००४ मध्ये कॉमकास्टने चक्क डिस्नेच विकत घ्यायची ५४ अब्जांची ऑफर दिली होती. डिस्नेने नाही म्हटलं, एप्रिलपर्यंत ते बारगळलं. मग कॉमकास्टने २०११ मध्ये एनबीसीयुनिव्हर्सलचा ताबा घेतला आणि २०१३ ला पूर्ण घेऊन टाकलं. केबल टाकणारी कंपनी, तिला पार्कांचं काय कळणार असं तेव्हा लोक म्हणत, ती आता एवढा पैसा ओततेय. का, तर केबल लोकं कापत चाललीयत, टीव्हीचं उत्पन्न सगळ्यांचंच आटतंय, आणि पार्क काही पायरेट करून घरी बघता येत नाही. डिस्नेचा निम्म्याहून जास्त नफा आता पार्क, क्रूझ आणि वस्तूंमधून येतो, आणि २०२३ मध्ये त्यांनी दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर याच खात्यात घालायचं जाहीर केलंय. सिनेमा म्हणजे मग काय, पुढच्या राइडची जाहिरात. हे साडू म्हणाले, मी नाही. मी लोणचं वाढून घेत होतो.

गुरुवार

एपिक युनिव्हर्स. जुन्या पार्कांपासून काही मैलांवर, वेगळ्याच जागी. सगळं नवं, झाडं अजून लहान, त्यामुळे सावलीचं काही विचारू नका, टोपी आणि पाण्याची बाटली घेऊनच जा. मधे एक बाग, तिच्या कडेने चार दरवाजे: निन्टेन्डो, हॅरी पॉटर, जुने राक्षस आणि ड्रॅगन. प्रत्येक दरवाज्यातून आत गेल्यावर बाकीचं पार्क दिसतच नाही, हे डिझाइन मला फार आवडलं.

निन्टेन्डोत हिरव्या पाइपमधून शिरायचं आणि समोर सगळं एकदम हलत असतं, नाणी फिरतायत, कासवं चालतायत. मनगटावर पॉवर-अप बँड बांधून ठोकळ्यांवर बुक्के मारायचे. बँडचे वेगळे पैसे, आणि तो नसेल तर पोरं रडणार याची पूर्ण व्यवस्था. साडूंचा मुलगा तिथून हलेना. हॅरी पॉटरच्या राइडची रांग बोर्डावर बघूनच बायको म्हणाली, "आपण आइस्क्रीम खाऊया." पटलं.

आता आयल ऑफ बर्क, म्हणजे ड्रॅगनवाला दरवाजा. व्हायकिंगांचं गाव, समुद्राचा देखावा, आकाशात दगडी योद्ध्यांचे प्रचंड पुतळे. हिक्कप्स विंग ग्लायडर्स ही रोलर कोस्टर मी भीत भीत केली आणि परत केली. कोनमध्ये भरलेलं मॅक अँड चीज मिळतं, शाकाहारी लोकांची सोय. पण मी ज्यासाठी आलो होतो ते म्हणजे टूथलेसला भेटायचं.

एका कुंपणापलीकडे तो बसलेला, खऱ्या गाईएवढा असेल, मान वळवतो, डोळे मिचकावतो, कानासारखी ती मऊ शिंगं मागे पाडतो. लेक पुढे गेली तशी त्याने डोकं खाली आणलं आणि पोरगी चक्क बोलेनाशी झाली. मी बाजूला उभं राहून डोकं बघत होतो. रुंद, चपटं, बेडकासारखं. डोळे एकमेकांपासून खूप लांब लावलेले. तोंड या कानापासून त्या कानापर्यंत. नाक जवळपास नाहीच. आखूड जाड पाय, वजन खालच्या बाजूला. आता याला निळा रंग द्या, नाकाचा मोठा बटाटा बसवा, पंख काढा. स्टिच.

आणि हे योगायोगाने नाहीये. २००२ चा मूळ 'लिलो अँड स्टिच' लिहिला-दिग्दर्शित केला क्रिस सँडर्स आणि डीन डेब्लॉइस या दोघांनी, डिस्नेत. स्टिच ही सँडर्सच्या हातची आकृती, आवाजही त्याचाच. पुढे २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ७.४ अब्जाला घेतली, पिक्सारची माणसं डिस्नेच्या ॲनिमेशनच्या डोक्यावर आली आणि सँडर्स करत असलेला सिनेमा त्याच्याकडून काढून घेतला. तो ड्रीमवर्क्सला गेला, डेब्लॉइसला बोलावून घेतलं, आणि २०१० ला दोघांनी ड्रॅगनचा सिनेमा केला. त्या मालिकेचा पहिला भाग वाटला पॅरामाउंटने, दुसरा फॉक्सने, तिसरा युनिव्हर्सलने, म्हणजे ड्रॅगन एकच आणि शेठ तीन. आता १३ जूनला जो येणार होता तो लाइव्ह-ॲक्शनही डेब्लॉइसचाच, आणि तिकडे डिस्नेच्या नव्या स्टिचला आवाज परत सँडर्सचाच. म्हणजे रस्त्यावर जी दोन होर्डिंग्ज एकमेकांवर गुरकावत होती ती दोन्ही एकाच जोडगोळीच्या टेबलावरून निघालेली. ७.४ अब्ज, ३.८ अब्ज, सगळा पैसा इकडून तिकडे गेला आणि रेघ मात्र ज्याची त्याच्याबरोबर चालत गेली. हे मी साडूंना भर उन्हात समजावत होतो, ते म्हणाले, "पण रॉयल्टी त्याला मिळते का?" त्याच्या करारात काय आहे मला कुठून कळणार. आमच्या धंद्यात सहसा नाही मिळत, पगार मिळतो.

संध्याकाळच्या शोमध्ये टूथलेस प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडतो. थिएटरात पाचशे माणसं एकदम श्वास घेतात त्याचा आवाज येतो.

शुक्रवार

डिस्नेचं हॉलिवूड स्टुडिओज. याचं मूळ नाव डिस्ने-एमजीएम स्टुडिओज, १ मे १९८९ चं. युनिव्हर्सल इथे स्टुडिओ पार्क बांधतंय म्हटल्यावर डिस्नेने वर्षभर आधीच आपलं उघडून टाकलं, आयडिया आमची ढापली असा युनिव्हर्सलवाल्यांचा आरोप होता. शूटिंग बघा, सिनेमा कसा बनतो बघा, अशी कल्पना. आणि त्यातलं एक खरोखर खरं होतं: इथे चालता-बोलता ॲनिमेशन स्टुडिओ होता. पब्लिक गॅलरीतून जायचं आणि काचेपलीकडे खालच्या बाजूला ॲनिमेटर आपापल्या टेबलावर वाकून काढत बसलेले दिसायचे. 'मुलान' इथे झाला, 'लिलो अँड स्टिच' इथे झाला, 'ब्रदर बेअर' इथे झाला. लोक काचेवर टकटक करत असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, मला मागे कोणी उभं राहिलं तरी हात चालत नाही.

जानेवारी २००४ मध्ये डिस्नेने हा स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. थ्रीडीचा जमाना, हाताने काढलेलं चालत नाही असं ठरलेलं. त्याच महिन्यात पिक्सारच्या स्टीव्ह जॉब्जने डिस्नेशी बोलणी मोडली, पुढच्या महिन्यात कॉमकास्टची ती ऑफर आली आणि त्याच फेब्रुवारीत डिस्नेने मपेट्स, म्हणजे टीव्हीवरच्या त्या कापडी बाहुल्या, विकत घेतले. काय वर्ष असेल ते.

मी सकाळी आधी तिकडेच गेलो. बाकीचे टॉय स्टोरी लँडला पळाले. ॲनिमेशनच्या त्या इमारतीत आम्ही गेलो तेव्हा 'स्टार वॉर्स'चं प्रदर्शन होतं, आत त्यातला केसाळ च्युबाका उभा राहून लहान मुलांना मिठ्या मारत होता. 'स्टार वॉर्स'वाली लुकासफिल्म डिस्नेने घेतली २०१२ ला, चार अब्ज पाच कोटी डॉलरला. च्युबाका प्रेमळ होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही, फोटोही काढला. बाहेरच्या दुकानात स्टिचच स्टिच, टोपी, बॅग, पॉपकॉर्नची बादली, चपला. तो जिथे जन्मला तिथून चालत दोन मिनिटांवर. दुकानातल्या मुलीला मी सांगितलं की हा इथेच काढला होता, ती खूप गोड हसली आणि म्हणाली, "रिअली? क्रेडिट ऑर कॅश?"

बेंगळुरूत माझे काही मित्र याच कामात होते, परदेशी सिनेमांचे शॉट करायचे. ड्रीमवर्क्सचंही काम तिथे २००८ पासून टेक्निकलरबरोबर सुरू झालं होतं. त्यातल्या एकाची कंपनी, कुठली ते जाऊ दे, २०२५ मध्ये एका आठवड्यात बंद पडली, पगार अडकले. फॉक्स घेतल्यावर डिस्नेने ब्लू स्काय स्टुडिओ एप्रिल २०२१ मध्ये बंद केला, 'आइस एज'वाला. तिथल्या लोकांनी जाता जाता एक छोटी क्लिप केली, तो खारीसारखा स्क्रॅट, ज्याला एवढ्या सिनेमांत बी कधी मिळालं नाही, तो ते बी शांतपणे खातो आणि निघून जातो. मी ती हॉटेलवर साडूंना दाखवली. अकाउंट्सवाले गप्प झाले.

दुपारी मपेट व्हिजनच्या रांगेत. १९९१ चा थ्रीडी शो, मपेट्सचा जनक जिम हेन्सन १९९० मध्ये गेला त्याच्या शेवटच्या कामांपैकी. उद्या, ७ जूनला, शेवटचा दिवस, नंतर तिथे पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स, इंक.'चं गाव येणार. लोक हिरवे बेडकाचे टी-शर्ट घालून आलेले, काही रडतही होते. शो मला मध्यम वाटला, खरं सांगतो, पण थिएटर अप्रतिम, कोपऱ्याकोपऱ्यात विनोद लपवलेले, एका जाळ्यात जेलीचे चौकोनी तुकडे लटकवलेले. असा फालतूपणा करायला कोणी तरी पगार देत होतं, बरं वाटलं.

शनिवार

अर्धा दिवस ॲनिमल किंगडम आणि मग टँपा. पार्क १९९८ चं, पृथ्वी दिनाला उघडलेलं. इथल्या आशियात आनंदपूर नावाचं काल्पनिक गाव आहे. पडक्या राजवाड्याच्या भिंती, मुद्दाम पाडलेले पोपडे, शेवाळ, गंजलेले पत्रे, पलीकडे खरे वाघ. पोपडे इतके हुबेहूब की बायको म्हणाली, "आपल्या वाड्याची गच्ची आठवली, एवढं विमानाचं भाडं भरून." पण रंगकाम करणाऱ्याला मानलं, ओल खालून वर कशी चढते हे त्या माणसाने नीट बघितलेलं होतं.

पँडोरा, म्हणजे 'अवतार'चं जग, २०१७ पासून. हा करार २०११ चा, तेव्हा 'अवतार' फॉक्सचा होता, म्हणजे डिस्ने इथे भाडेकरू. मग २०१९ मध्ये फॉक्सच घेतलं आणि भाडेकरूच मालक झाला. डायनोलँडचा एक भाग बंद झालेला, तिथे 'एन्कॅन्टो' आणि इंडियाना जोन्स येणार म्हणून पत्रे ठोकलेले.

परतीच्या वाटेवर साडूंनी गाडी चालवता चालवता बातमी सांगितली, म्हणजे ती महिनाभर जुनी होती पण आम्हाला नवीन. ७ मेला डिस्नेने अबू धाबीला, यास आयलंडवर, सातवं रिसॉर्ट जाहीर केलंय, पैसा आणि बांधकाम तिथल्या मिराल कंपनीचं, डिझाइन आणि नाव डिस्नेचं, डिस्नेला रॉयल्टी. वॉर्नरचं पार्क त्याच बेटावर २०१८ पासून आहेच. एप्रिलमध्ये युनिव्हर्सलनेही इंग्लंडात बेडफर्डला पार्क जाहीर केलंय, २०३१ चं. बायको पुढे वाकली.

"अबू धाबी मुंबईहून किती तास?"

"तीनेक."

"आणि आपण इथे यायला किती लागले?"

साडूंनी रेडिओचा आवाज वाढवला.